ताजबीने दिलेला होकार

मांडवीच्या कमाल तांडेलाला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, सोबत वाचाही गेली. गलबतावरून हाक मारली तर बंदरात ऐकू जावी असा त्याचा आवाज. आता घशातून नुसती घरघर येई. बायको आधीच वारलेली. घरात मुलगी फातिमा आणि तांडेलाची धाकटी बहीण ताजबी. ताजबी विधवा होऊन भावाकडे आली होती.

भावाची अक्कल शाबूत आहे हे प्रथम ओळखलं ते ताजबीनेच. बाकीचे लोक खाटेपाशी येऊन बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत, नाहीतर तान्ह्या पोराशी बोलावं तसे बोबडे बोलत. ताजबीने आत्माराम सुताराकडून एक फळी तासून आणली आणि तिच्यावर वस्तू बसवल्या. पाण्यासाठी करवंटीचा तुकडा, जेवणासाठी टोक मोडलेला गळ, नमाजासाठी तसबीचे मणी, फातिमासाठी हिरवी बांगडी. तांडेल डाव्या हाताचं बोट त्यांवर ठेवी. हो म्हणायचं तर डोळे मिटी, नाही म्हणायचं तर मान फिरवी. पहिल्या दिवशी त्याने गळावर बोट ठेवलं आणि ताजबीने पेज आणून दिली, तेव्हा दोघंही रडली होती.

मोहल्ल्यात तिचं नाव झालं. "तांडेलाची जीभ ताजबीच्या तोंडात हाय," असं बायका म्हणत. ते तिला गोड लागे. हळूहळू तिला भावाचं बोट पोचेपर्यंत धीर धरवेना. हात जरा हलला की ती म्हणे, "पाणी ना? समजलं." कधी त्याला पाणी नको असे. पण पुन्हा बोट उचलायचं म्हणजे दम लागे. मग तो मुकाट पाणी पिऊन टाकी.

चोपन्न साली राजिवड्याहून गुलाम रसूल आणि त्याची बायको रझिया फातिमाला मागणी घालायला आली. मुलगा नासिर मुंबईला आगबोटीवर कामाला, घर भरलेलं. असं स्थळ दाराशी चालून आलं, म्हणून ताजबी सकाळपासून हरखली होती. फातिमा पडद्याआड उभी होती.

"तांडेल, तुमचा काय विचार?" गुलाम रसूलने अदबीने विचारलं.

तांडेलाने डोळे मिटले नाहीत. मानही फिरवली नाही. त्याचं बोट बांगडीवर गेलं. मग त्याने हात उचलला आणि कष्टाने ओठांपाशी नेला.

"भाई म्हणतो, फातिमा तुमची. तोंड गोड करा!" ताजबी म्हणाली.

सगळे हसले. तांडेलाच्या घशातून घरघर आली. त्याने फळीवर थाप मारली, पुन्हा मारली.

"बघा, किती खूश झालाय," ताजबी म्हणाली आणि शिरा आणायला आत गेली. चुलीपाशी तिचे हात क्षणभर थांबले. भावाने डोळे मिटले नव्हते. ते तिने पाहिलं होतं. तरी तिने शिरा वाढला.

पाहुणे गेल्यावर फातिमा बाहेर आली आणि खाटेपाशी बसली.

"बाबा, तुमी हो म्हटलंत?"

तांडेलाने मान फिरवली.

"मग नाय म्हटलंत?"

त्याने पुन्हा मान फिरवली.  मग त्याने बांगडीवर बोट ठेवलं आणि हात पुढे करून तिच्या ओठांना लावला.

"मला विचारा, असं सांगत होतात?"

तांडेलाने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मला सातवीच्या फायनलची परीक्षा देयाची हाय, बाबा. आत्ता लगीन नको."

ताजबी चौकटीला धरून उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडी तिने आपले शब्द घातले होते, तेही चारचौघांत, त्याच्याच मुलीच्या आयुष्याबद्दल. "भाई, मी..." एवढंच ती म्हणाली. तांडेलाने डाव्या हाताने फळी उलटी केली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी राजिवड्याला गेली. रझियाने हसून पाट दिला. ताजबी बसली नाही.

"कालचा होकार भाईचा नव्हता. तो म्हणत होता, पोरीला विचारा. शब्द माजे होते."

रझियाचं हसू मावळलं. "मग काल त्याच्या तोंडून बोलत होतीस ती कोण?" तिने विचारलं. अंगणात मासे सुकवणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या.  ताजबी मान खाली घालून निघाली.

पुढे कितीतरी दिवस तांडेलाने फळीला हात लावला नाही. तहान लागली तरी पडून राही.  शेवटी फातिमानेच फळीवर जांभ्याचा खडा बसवला. "बाबा, आमी चुकलो की यावर बोट ठेवा. मग पुन्हा विचारू." त्यानंतर तो हळूहळू फळीवरून बोलू लागला. ताजबीशी बोलताना त्याचं बोट सारखं खड्यावर जाई. दर वेळी तिचा चेहरा उतरे, पण आता ती हात मागे बांधून बसे आणि तो थांबेपर्यंत तोंड उघडत नसे.

फातिमा फायनल पास झाली. एकदा तिने विचारलं, "फुफू, माफीसाठी कायतरी लावूया का फळीवर?"

"नको," ताजबी घाईने म्हणाली. "लावलं तर तो ठेवेल बोट. मला बरं वाटावं म्हणून ठेवेल."

रझिया बाजारात दिसली की ताजबी अजूनही मागल्या पाखाडीच्या पायऱ्या चढून घरी जाई.