भट्टीवर पास झालेला स्लॅब

भूमजवळच्या एका गावात सभागृहाचा स्लॅब टाकला, तेव्हा मी साइटवर अभियंता होतो. काँक्रीटमध्ये दोन सेन्सर पुरले होते. ते आतलं तापमान मोजायचे आणि स्लॅब किती पक्का झाला याचा अंदाज मोबाईलवर पाठवायचे. थंडीत काँक्रीट सावकाश पक्कं होतं. उद्घाटनाची तारीख मात्र थंडीला विचारून ठरली नव्हती.

आदल्या दिवशी दोन्ही आकडे अपुरे होते. टेकू काढू नका, असं ठेकेदाराला बजावून मी घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर मधले टेकू निघालेले.

"सायब, तुमीच म्हणलाव न्हवं, मोबाईल हो म्हणंल तवा काढा?" ठेकेदारानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

एक आकडा खरंच चढला होता. बाहेर वारं सुटलं म्हणून आचाऱ्यानं बुंदीची भट्टी आत, नेमकी त्या सेन्सरखाली पेटवली होती.

"अहो, तो भट्टीनं तापलाय. कोपऱ्यातला दुसरा अजून नाही म्हणतोय."

सरपंचांनी तोड काढली. "एक व्हय म्हणतंय, एक न्हाय. सरासरी काढा की."

सरासरी पास होत होती.

मी भट्टी विझवली, पण आकडा उतरेना. मिळालेली ऊब तो फक्त जमा करत जातो, वजा करत नाही. हातभर जागेचं खरं तो आता अख्ख्या स्लॅबचं म्हणून सांगत होता. टेकू परत लावावेत तर मजूर कमानीला फुलं बांधायला पिटाळलेले. उरलेले टेकू तरी राहू द्या म्हणून मी हात जोडले. तेवढे राहिले, तेही उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांच्या गाड्या दिसल्या म्हणून.

मधे ऐसपैस जागा झाली होती. बायकांच्या सतरंज्या तिथंच अंथरल्या.

"मावशी, बाहेर बसा," मी पुढच्या म्हातारीला म्हणालो.

"वाऱ्यात? तुमच्या आईला बसवताव का असं?"

"छत कच्चं आहे, मावशी."

"मग उद्घाटन कशाचं हाय?"

याचं उत्तर मलाही हवं होतं.

साहेब बोलायला उभे राहिले. वास्तू पिढ्यान् पिढ्या उभी राहील, म्हणाले. टाळ्या पडल्या की माझी नजर वर छताकडे जायची. शेवटी मी आचाऱ्याला गाठलं. "पहिली पंगत बायकांची. आत्ता. बाहेर."

"भाषण चालू हाय, सायब."

"म्हणूनच."

त्यानं हाळी दिली. पुरुष उठले, पोरं पळाली. सरपंच माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत राहिले. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आज मार्गशीर्षातला गुरुवार हाय," मावशी म्हणाली. "आमाला उपास."

तारीख ठरवणाऱ्यांत एकही बाई नसावी.

मला दुसरं काही सुचेना. मी चपला काढल्या. मावशीनं जरा सरकून जागा केली आणि मी त्यांच्यात सतरंजीवर बसलो.