जिन्यातली पाटी

पहिल्या मजल्यावरचे काका आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला रोज सकाळी उचलून गच्चीवर नेतात. त्याच्याशी अहो-जाहोनेच बोलतात: "चला, आपले दोडके वाट बघतायत." मग त्याला वेलाच्या सावलीत निजवून कुंड्यांना पाणी घालतात.

मध्ये दम लागला की ते त्याला आमच्या दारापाशी टेकवतात. तिथे दोनदा ओलं झालं, तेव्हा मी निनावी पाटी लावली: 'हा जिना आहे, मुतारी नव्हे.'

काल काका चार दोडके घेऊन आले.

"अक्षर तुमचंच ना? सुरेख आहे. खाली एवढं लिहून द्या: त्यांना आता कळत नाही. काही झालं तर आमची बेल वाजवा, पुसून देईन."

पेन माझ्या खिशातच होतं. तरी मी ते शोधायला आत गेलो.