बाटली खाली

कितीतरी गुन्हे हाताखालून गेले आणि बरेचसे विसरूनही गेलो. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या घरातली ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की आधी वहिनींचा चहा आठवतो.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. वडील बँकेच्या बदलीमुळे जयपूरला आले, तिथलेच झाले, आणि मी तिथल्या पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झालो. घरी मराठी, ठाण्यात दिवसभर हिंदी. या दोन जिभांचा तपासात उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

खबर दिली इस्पितळाबाहेरच्या चहावाल्यानं. "साब, एक कंपाउंडर वार्ड के सफाईवालों से खाली शीशियाँ खरीदता है। दवा तो खतम, शीशी का क्या करेगा?"

प्रश्न रास्त होता. बाटल्या न्यूरोपेप्टाइडच्या इंजेक्शनांच्या होत्या. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवताना जे प्रथिनांचे बारीक तुकडे वापरतात, त्या जातीचं हे औषध. डोक्याला मार लागलेल्यांना, स्मरणशक्ती ढासळत चाललेल्या म्हाताऱ्यांना काही डॉक्टर ते देतात. वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही, हमी कुणीच देऊ नये. पण ज्याचं माणूस अंथरुणावर आहे तो हमी मागतच नाही. अशा आशेवर डल्ला मारणाऱ्या चोराचा मला फार संताप येतो.

हा कंपाउंडर घरोघरी जाऊन इंजेक्शनं देई. त्यात दुर्गापुऱ्यातलं एक घर मराठी, म्हणून साहेबांनी मला साध्या कपड्यांत पाठवलं. गृहस्थ विमा कंपनीत अधिकारी. सीतापुऱ्याच्या रस्त्यावर स्कूटर घसरली, डोकं आपटलं, उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. मी गेलो तेव्हा त्या नवऱ्यापुढे पळी धरून बसल्या होत्या.

"म्हणा, पळी. पळी."

"प... ळी."

वहिनींचा चेहरा फुलला. "पूर्वी एक शब्द नव्हता हो. इंजेक्शनांनीच फरक पडलाय. तो कंपाउंडर अगदी देवमाणूस. सीलबंद बाटली आधी माझ्या हातात देतो, मगच सुई भरतो."

तेवढ्यात गृहस्थांची नजर टेबलावरच्या रिकाम्या बाटलीवर गेली. डावा हात खुर्चीवर आपटत ते म्हणाले, "बाटली... खाली. खाली!"

वहिनींनी बाटली उचलून जमिनीवर ठेवली. "सारखं हेच. खाली ठेवली तरी समाधान नाही. उलट जास्तच चिडतात."

वहिनींना हिंदी येत नव्हतं असं नाही. पण घरात मराठीच बोलायचं हा त्यांचा दंडक, त्यामुळे नवऱ्याचं बोलणं त्या मराठी कानांनीच ऐकत. माझ्या कानात मात्र चहावाल्याचं 'खाली शीशियाँ', म्हणजे रिकाम्या बाटल्या, अजून घुमत होतं. मी खाली वाकून हिंदीत विचारलं, "भाईसाहब, शीशी खाली थी? सुई से पहले ही?"

त्यांनी माझं मनगट असं धरलं की सोडेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि डाव्या हातानं कप ओठांना लावल्याची खूण केली.

पुढच्या खेपेला औषध निरीक्षक आणि मी आतल्या खोलीत दाराआड उभे राहिलो. कंपाउंडरनं सीलबंद बाटली वहिनींना दाखवली आणि गोड आवाजात म्हणाला, "भाभीजी, चाय हो जाए?" वहिनी आत वळताच सीलबंद बाटली पिशवीत गेली. खिशातून रिकामी बाटली निघाली, तिच्यात त्यानं सलाईनचं पाणी भरलं आणि सुईत ओढलं. हे सगळं त्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर! सुई दंडाला लागायच्या आत मी त्याचा हात धरला.

ठाण्यात तो नाही नाहीच म्हणत होता. मी शिपायाला नुसतं म्हटलं, "इनके लिए चाय लाना." चोराच्या मनात चांदणं! चहाचं नाव निघताच त्याला घाम फुटला. तीच एक सीलबंद बाटली दाखवून त्यानं किती घरांत चहा मागवला होता, ते सगळं बाहेर आलं.

"पर पेशंट के सामने ही?" मी विचारलं.

"साब, वो तो कुछ समझते ही नहीं थे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत यापेक्षा वाईट वाक्य मी ऐकलेलं नाही.

वहिनींना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणीच? मग हे बोलायला लागले ते कशानं?"

डॉक्टरांना विचारलेलं मी सांगितलं. काही जखम मेंदू आपली आपण भरून काढतो, आणि बाकीचं बहुधा रोज पळी दाखवून बोलायला लावण्यानं झालं असावं. खात्रीनं तेही सांगता येत नव्हतं. आता खरं औषध सुरू होईल, त्याचीही हमी नाही, पण पळी सोडू नका असं त्यांनी बजावलं होतं.

वहिनींचं मात्र निराळंच दुःख होतं. त्या नवऱ्याचे पाय धरून रडू लागल्या. "तुम्ही ओरडून सांगत होतात आणि मी बाटली खाली ठेवत बसले. त्याला चहा करून पाजला मी!"

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. डावा हात वहिनींच्या डोक्यावर टेकला.

"वे... डी."

हा शब्द त्यांना कुणी पळीसारखा पढवला नव्हता.

त्यानंतर ज्याला बोलता येत नाही, त्याला समजतही नाही असं मी कधी धरलं नाही. जबाब घेताना माणूस अडखळला तर शिपायांना गप्प करून मी थांबून राही. सहकारी चेष्टा करत, करोत बापडे. त्यांनी वहिनींना त्या दिवशी पाहिलं नव्हतं. पदरानं डोळे पुसत, हसत त्या मला म्हणाल्या होत्या, "ऐकलंत ना साहेब? मला वेडी म्हणाले! तुमच्या कागदावर लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.