जुलैच्या पानासाठी ऊन

आमच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरात जुलैचं पान मी मागून घेतलं होतं. भर सभेत, हात वर करून. 'रायपूरचा पावसाळा असा दाखवतो, की लोक छत्री घेऊन कॅलेंडर पाहतील,' असंही बोलून गेलो. आधीची दोन वर्षं असंच बोललो होतो आणि फोटो दिला नव्हता. त्यामुळे सचिवांनी सगळ्यांसमोर बजावलं, "भाऊ, रविवारी पाचपर्यंत फोटो आला नाही, तर मी स्वित्झर्लंडचा डोंगर टाकतो. अन् पुढच्या साली तुमी फक्त सतरंज्या उचला."

तो रविवार डिसेंबरचा, आणि आभाळ तीन दिवसांपासून गळत होतं. बंगालच्या उपसागरात कुठे काही बिघडलं की आमच्याकडे थंडीतही झड लागते. चौबे कॉलोनीतल्या घरी मी कॅमेरा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो.

"काहून असे बसून राहिले?" बायकोनं विचारलं.

"ऊन पडायची वाट पाहून राहिलो."

"पान कोणत्या महिन्याचं हाये?"

"जुलैचं."

तिनं खिडकीबाहेरच्या पावसाकडे बोट दाखवलं. मग आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

दहा मिनिटांत आम्ही स्कूटरवर. मागे बसून तिनं छत्री धरली होती, माझ्यावर नाही, कॅमेऱ्याच्या पिशवीवर. शहराबाहेर, उरला गावाच्या अलीकडे मोकळ्या रानावर देखणं धुकं उतरलेलं दिसलं. मी करकचून ब्रेक दाबला, चिखलात गुडघे टेकले आणि चाळीस फोटो काढले. टपरीवर चहा पिणारा ट्रकवाला शांतपणे म्हणाला, "भैया, कोहरा नहीं है. कारखाने का धुआँ है."

बायको इतकी हसली की छत्री उलटी झाली.

पुढे एका तळ्याच्या काठी थांबलो. चार वाजत आले होते. पाऊस थांबला, पश्चिमेला ढगांखाली बोटभर फट पडली आणि पिवळा उजेड पाण्यावर सांडला. मी ढगांवर कॅमेरा रोखून उगाच त्याच्यावरची चाकं फिरवत बसलो. तेवढ्यात शिफ्ट सुटलेले कामगार काठाकाठानं सायकलींवर आले. निळी, पिवळी, लाल प्लास्टिकं पांघरलेली, आणि खाली पाण्यात तितक्याच सायकली उलट्या.

"अवो, वर काय पाहून राहिले! तिकडे!" तिनं माझी मान धरून फिरवली. मी बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत फट मिटली होती.

पावणेपाचला आम्ही तात्यापारा मोहल्ल्यात, सचिवांच्या दारात, मोजे पिळत. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "झकास हाये," ते म्हणाले. मी फुगलो. "पण भाऊ, जुलैत हे लोक माकडटोप्या घालून राहिले का?"

मी वाकून पाहिलं. पहिल्या तिघांना माकडटोप्या, चौथ्याला मफलर. बायकोनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. माझ्याजवळ पदरही नव्हता.

"थांबा," सचिव म्हणाले, "डिसेंबरवाल्यानं अजून फोटो दिला नाही. सकाळी फोन केला, तर म्हणते ऊन पडू द्या!"

जुलैत स्वित्झर्लंड लागलं ते लागलंच. पण डिसेंबरच्या पानावर माझा फोटो छापून आला, आणि आमच्या घरी ते कॅलेंडर एक जानेवारीपासून डिसेंबरवरच उघडं टांगलेलं आहे. एकादशी कधी आहे, हे बायको शेजारणीला विचारून येते.