एकशे सातवा दिवस

“सगळं सांगत बसू नकोस. काळजीचं काही नाही, एवढंच सांग. तुला इथे विचार करायला बोलावलेलं नाही.”

ग्लासगोच्या कोर्टात काशिनाथचा वकील मला हे म्हणाला. कुजबुजत नव्हे. समोरच्या कारकुनाने हसू दाबलं. मी एक्कावन्न वर्षांचा. शब्दन् शब्द खरा सांगेन अशी शपथ नुकतीच घेतलेला दुभाषी. आणि मी म्हणालो, “येस सर.”

काशिनाथ माझ्या शेजारी, आरोपीच्या जागेत. इचलकरंजीचा. इथे एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कुक. मारामारीत एकाला चाकू लागला, आरोप खुनाच्या प्रयत्नाचा. तुरुंगातला त्याचा एकशे सातवा दिवस. स्कॉटलंडचा कायदा असा, की आरोपी आत असेल तर प्राथमिक सुनावणी एकशे दहा दिवसांत सुरू व्हायला हवी. नाहीतर जामीन. सरकारी वकिलाकडे लॅबचा रिपोर्ट आला नव्हता. तो आणखी चाळीस दिवस मागत होता.

जज्जनी विचारलं, आरोपीची हरकत आहे का?

“काका, काय म्हणाले?”

“काही नाही रे. कागदपत्रांचं चाललंय.”

काशिनाथचा वकील उठून म्हणाला, हरकत नाही. झालं. दोन मिनिटांत चाळीस दिवस.

खाली कोठडीत काशिनाथ खुशीत होता. “तीनच दिवस राहिले ना काका? विंगमधला एकजण म्हणाला, एकशे दहा झाले की सोडतात. आईला फोनवर सांगून टाकलंय मी.”

मग मला सांगावंच लागलं.

तो ओरडला नाही. “वकिलानं इंग्रजीत फसवलं, ते चाललं असतं. आपल्याला येत नाही. तुम्ही मराठीत फसवलंत.”

शाळेत मास्तर आमच्या वहीला हात लावायचे नाहीत. पट्टीने पानं उलटायचे. तिथे मी गप्प राहायला शिकलो. पन्नाशी उलटली तरी त्याला नम्रपणा म्हणत होतो. आता त्या गप्प राहण्यात दुसराच माणूस कोंडला गेला होता.

वकिलाला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“मुदत तशीही मिळालीच असती,” तो म्हणाला.

“मिळाली असती. पण त्याला विचारून. मी हे लिहून देणार आहे.”

“मग तुला परत कोण बोलावेल?”

कोणी नाही. माहीत आहे मला.

कागद लिहून झाला आहे. ‘जज्जनी विचारलेला प्रश्न मी आरोपीला सांगितला नाही. दिलेलं उत्तर त्याचं नव्हतं.’ याने काशिनाथ सुटेल का, सांगता येत नाही. उद्या कोर्टाची कचेरी उघडली की पहिला मी उभा असेन. कागदावर दोषी म्हणून वकिलाचं नाव आहे. माझं त्याच्या वर.