पंचनाम्यावरची माझी सही

पंच म्हणून मला जीपमध्ये बसवलं तेव्हा माझ्या तोंडात बडीशेप होती. गुटखा सोडल्यापासून खिशात पुडी असायची आणि दिवसातून दहा वेळा हात तिकडं जायचा. मी एका सरकारी कचेरीत लिपिक. पोलिसांना कुठं छापा घालायचा असला की साक्षीला दोन सरकारी माणसं लागतात, त्यांना पंच म्हणतात. साहेबांकडं पत्र येतं आणि साहेब त्या महिन्यात ज्याच्यावर नाराज असतील त्याचं नाव देऊन टाकतात. त्या दिवशी माझं दिलं. कुठं जायचं ते जीपमध्ये कुणी सांगेना, म्हणून मला पहिला संशय साहेबांचाच आला.

तसा मी मुळातच संशयी. भाजीवाली हसून बोलली की मी वांगी उलटीपालटी करून बघतो. बायको म्हणते, "देवानं प्रसाद हातावर ठेवला तरी तुमी वास घेऊनच खाताल." खोटं नाही तिचं. पण जीप नदीकडच्या रस्त्याला लागून ज्या शेताच्या फाटकापाशी थांबली, त्या शेताच्या मालकावर मी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता.

ते आमच्या भागातले पुढारी. पूर्वी कसले तरी अध्यक्ष होते, पद गेलं तरी लोक अजून अध्यक्षच म्हणतात. दोन निवडणुका जिंकलेले, तिसरीच्या तयारीत. भाषण करताना आवाज कधी चढत नाही, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कपडे पांढरेधोप. आमचं घर शिवाची पूजा करणारं, त्यांचंही. दर श्रावणात एका सोमवारी ते महादेवाच्या देवळापुढं मांडव घालायचे आणि तरण्या-म्हाताऱ्यांच्या हातात बेलाचं पान देऊन व्यसन सोडल्याची शपथ घ्यायला लावायचे. बेल उचलून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. बायको मला अक्षरशः ओढत तिथं घेऊन गेली होती. अध्यक्षांनी स्वतः माझ्या कपाळाला भस्म लावलं, आमच्यातल्या रीतीनं "शरणार्थ" म्हणून हात जोडले आणि म्हणाले, "ही घाण आजपासून सोडली, असं मोठ्यानं म्हणा." मी म्हणालो. पुढचे पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, ऑफिसात दोन फायली चुकीच्या कपाटात लावल्या, पण गुटख्याला शिवलो नाही. या माणसामुळं मी माणसात आलो, असं मी चारचौघात सांगायचो.

अध्यक्ष बाहेर आले ते शांतपणे. छापा घालणारा अधिकारी नवा होता, बाहेरच्या जिल्ह्यातला. त्यानं पत्र्याच्या लांबलचक शेडकडं बोट दाखवून विचारलं, आत काय आहे.

"जनावराची पेंड," अध्यक्ष म्हणाले.

"उघडा."

अध्यक्षांनी सदरा वर केला. शेडची चावी त्यांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती. जोखमीची चावी आमच्याकडची माणसं तिथंच बांधतात, अंघोळीलासुद्धा काढत नाहीत. अध्यक्ष गाठ सोडायला लागले, पण घामानं आवळून बसलेली ती गाठ काही केल्या सुटेना. शेवटी पोट त्या लोखंडी दाराला टेकवून, टाचा उंच करून, कमरेसकट चावी कुलपात घालून त्यांनी कुलूप उघडलं. कुणी हसलं नाही. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसलो असतो.

आत गुटख्याची पोती होती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, छताला लागतील अशी. राज्यात ज्या मालाला बंदी आहे, आणि जो सोडायची शपथ मी याच माणसापुढं घेतली, तो माल. वास नाकात शिरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. आधी स्वतःची लाज वाटली आणि मग राग आला. शेडच्या कोपऱ्यात अध्यक्षांचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, हातात घमेलं घेऊन उभा होता. ते खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं.

पोती मोजली, त्यातली नमुन्याची वेगळी बांधली, आमच्या सह्यांची लेबलं त्यांच्यावर डकवली. मग ठाण्यावर गेलो. तिथं लिहिणारा जमादार टेबलावर होता. चहा आला. दुसरा पंच दुसऱ्या खात्यातला वयस्क माणूस होता, त्याला घरी जायची घाई. दीड तासानं जमादारानं कागद पुढं सरकवले आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं करा. इथं. आन इथं."

हे बोट माझ्या ओळखीचं होतं. कचेरीत बावीस वर्षं मी लोकांना असंच बोट दाखवत आलो. कुणी कागद वाचायला लागला की मी म्हणायचो, "काका, मागं रांग हाय." आणि कचेरीतल्या माणसानं दुसऱ्या कचेरीतल्या माणसाचा कागद त्याच्यासमोर वाचत बसणं म्हणजे त्याचा अपमान, असं आम्ही सगळे मानतो. मी बोट दिसेल तिथं सह्या केल्या. दूधवाल्याला रोज पाणी किती घातलं ते विचारणारा मी.

आठ दिवस गावागावात दुसरा विषय नव्हता. अध्यक्ष म्हणाले, हा विरोधकांचा डाव आहे, कायद्यापुढं सगळे सारखे, दोषी असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. नवव्या दिवशी पेपरात आलं, आरोपी एकच, सालगडी. छापा घालणारा अधिकारी तोवर बदलून गेलाही होता. त्या श्रावणात देवळापुढं पुन्हा मांडव पडला आणि लोकांनी पुन्हा बेल उचलला. मी गेलो नाही. तरी मी निवांत होतो. पंचनाम्यात चावी आहे, करदोडा आहे, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. कोर्टात कागद बोलेल, आणि कागद नाही बोलला तर मी बोलेन.

मग मी वाट बघायला लागलो. कुणीतरी मला फोडायला येणार, हे ठरलेलं. त्याला काय सुनवायचं त्याची मी आरशापुढं तालीमही करून ठेवली होती. साहेबांनी एकदा न मागता रजा मंजूर केली, मी तीन दिवस त्यामागचं कारण शोधत होतो. कचेरीत कुणीतरी पेढे वाटले, मी घेतले नाहीत, आणि नंतर कळलं की त्याला मुलगी झाली होती. मेव्हणा सहज म्हणाला, "दाजी, साक्ष कवा हाय तुमची?" मी त्याला तोंडावर विचारलं, "तुला कुणी पाठवलं?" तो जेवता जेवता ताटावरून उठला. त्या दिवाळीला तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बायकोनं भांडण केलं नाही, फक्त एकदा म्हणाली, "तुमचा शक एक दिवस आपल्याच घराला खाईल."

तीन वर्षं गेली. दुसरा पंच मधेच वारला. मला फोडायला कुणीही आलं नाही. खरं सांगायचं तर त्याचाही मला जरासा अपमान वाटायचा. एका लग्नात अध्यक्ष समोरासमोर भेटले. मी तालमीतलं सगळं भाषण जिभेवर आणलं. त्यांनी हात जोडले, "शरणार्थ," म्हणाले, तब्येतीची चौकशी केली आणि जेवायला बसायच्या पंगतीत निघून गेले. त्या साध्या वागण्यानं मला त्या रात्री झोप आली नाही.

साक्षीची तारीख लागली तेव्हा मी परभणीला कोर्टात गेलो. पुकारा व्हायच्या दहा मिनिटं आधी सरकारी वकिलांनी व्हरांड्यात माझ्या हातात पंचनामा दिला. "एकदा नजर घाला," म्हणाले. मी तो पहिल्यांदा वाचला. तीन बाजूंनी उघडा, दार नसलेला पत्र्याचा गोठा. सदर गोठ्याचा ताबा व वापर आपल्याकडे असल्याचे सालगड्याने पंचांसमक्ष सांगितले. कुलूप नाही, चावी नाही. अध्यक्षांचं नाव शोधत मी पानं मागं-पुढं केली, ते कुठंच नव्हतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही होती, वळणदार, तारखेसह.

"साहेब, हे असं झालंच न्हाई," मी म्हणालो.

सरकारी वकील चष्म्यावरून बघत म्हणाले, "लिहिलंय तसं सांगा. वेगळं बोललात तर मला तुम्हाला फितूर जाहीर करावं लागेल. सरकारी नोकर फितूर झाला की खात्याला पत्र जातं. बघा." त्यांचा सूर धमकीचा नव्हता. त्यांच्यासमोर फक्त तो कागद होता. तरी मला वाटून गेलं, हेही त्यांच्यातलेच.

सालगडी बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. घमेल्याच्या दिवसापेक्षा बराच वाळला होता. लिहिलंय तसं बोललो तर हा आत जाणार, आणि खरं बोललो तर माझी नोकरी धोक्यात. पण मनातल्या मनात मी तिसरंही काही धरून होतो. करदोडा, चावी, दाराला टेकलेलं पोट, हे सगळं ऐकल्यावर न्यायाधीश नक्की म्हणतील, त्या माणसाला इथं बोलवा.

पिंजऱ्यात उभा राहून मी खरं सांगितलं. दार होतं, लोखंडी. कुलूप होतं. चावी अध्यक्षांच्या कमरेला होती आणि त्यांनी ती अशी अशी लावली. मी हातवारे करूनसुद्धा दाखवलं. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. टंकलेखक थांबला.

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

"सही तुमची?"

"माझी."

"वाचून केली?"

"नाही."

"किती वर्षं लिपिक आहात?"

"पंचवीस."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "कुणाच्या सांगण्यावरून आज खोटं बोलताय?" त्यांनी विचारलं. "कुणाच्याच नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझ्याच कानाला खोटा वाटला. मग आरोपीचे वकील उठले. त्यांनी एकच प्रश्न केला, "म्हणजे या पंचनाम्यात लिहिलेलं घडलंच नाही?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी मान तुकवली आणि खाली बसले. चावीचं त्यांनीही विचारलं नाही, दुसऱ्या कुणीही विचारलं नाही. मला खाली उतरायला सांगितलं.

महिन्याभरात निकाल लागला. पंचनामाच शाबीत झाला नाही म्हणून सालगडी निर्दोष सुटला. आमच्या ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी अध्यक्षांच्या माणसांनी फटाके वाजवले, अध्यक्षांवरचा डाग धुऊन निघाला म्हणाले. पानटपरीवर मला बघून लोक गप्प व्हायचे. एकानं तर विचारलंच, "मालकाची गाडी घरापर्यंत आली हुती का, तुमीच गेलता?" खात्याची नोटीसही आली, फितूर झाल्याबद्दल खुलासा करावा. या सगळ्याचं मला एवढं लागलं नाही. बायकोनं चहाचा कप पुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "काय झालं ते मला तरी खरं सांगा." मी म्हणालो, तुला सांगितलं तेच खरं. ती हो म्हणाली, पण माझ्याकडं न बघता.

खुलासा परभणीला देऊन परत येताना एसटीत सालगडी भेटला. त्यानं हातातली पिशवी उचलून मला शेजारी जागा दिली. "साहेब, तुमच्यामुळं वाचलो," म्हणाला. मी विचारलं, आता काम कुठं? "तिथंच. मालकाकडं," तो म्हणाला. "दुसरं कोण ठिवून घ्यायलंय मला?"

गाडी बराच वेळ चालली. पोरगी यंदा दहावीला आहे, असं काहीबाही तो बोलत होता. मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी म्हणून न्हाई बोललो. जे घडलं ते सांगितलं. तेवढंच."

"ते ठाऊक हाय की," तो म्हणाला. "मालक पहिल्या तारखेलाच म्हणले हुते, तू भिऊ नको. त्यांची माणसं तुमच्याकडं यायला निघाली हुती, तर मालक लय तापले त्यांच्यावर. म्हणले, त्या पंचाच्या वाऱ्याला बी कुणी जायचं न्हाई. त्याला तसंच ऱ्हाऊ द्या. त्यो खरंच बोलल, आन केस तिथंच पडल."

त्याचा फाटा आला. तो उतरला, खिडकीखाली थांबून त्यानं मला हात जोडले. मी नुसती मान हलवली. शेडचं दार उघडून ती पोती दिसली, त्या दिवशीही मला त्या माणसाचा एवढा राग आला नव्हता.