गुरूवरचा ठिपका

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या तळघरातल्या एक्स-रे खोलीत. महिनाभर खोकला हटत नव्हता म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला पाठवलं होतं. गार पत्र्याला छाती टेकवून उभा राहिलो आणि काचेमागून आवाज आला, "श्वास घ्या. रोखा. हलू नका!" शाळेत पस्तीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आलो, पण इतकी जरब मला कधी जमली नाही. फोटो निघाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका होता. ती आत गेली, प्लेट काढून मऊ फडक्याने पुसली, मला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या फोटोत ठिपका नव्हता.

"सर, तुमच्यात काही नाही. कचरा माझ्या प्लेटवर होता. उगाच घाबरवलं तुम्हाला, माफ करा."

'सर' हे तिने माझ्या कागदावरचा व्यवसाय वाचून म्हटलं असावं. बाहेर रांगेत दहाएक माणसं होती, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र फार वाटलं. चूक इतक्या सहज, इतक्या मोठ्याने कबूल करणारं माणूस मी शिक्षकांच्या खोलीतही क्वचितच पाहिलं होतं.

पुढे कळलं की आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली सून ती हीच. गल्लीतली पोरं तिला 'हलूनका बाई' म्हणत. गच्चीवर तिची दुर्बीण होती. तिच्या सासूबाई दुर्बिणीला 'तोफ' म्हणत. "आमची सून दिवसा माणसांच्या आत बघते, संध्याकाळी आभाळाच्या आत. घरातला पसारा तेवढा तिला दिसत नाही," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असे.

वाचनालयाची किल्ली निवृत्तीनंतर माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, रविवारी सकाळी लोकांना आकाशाचे फोटो काढायला शिकव. ती आधी नको म्हणाली. "मी फोटो काढणारी बाई, सर. दवाखान्यात डॉक्टर मला 'अहो फोटो' म्हणून हाक मारतात. माझं कोण ऐकणार?" पण अकरा जण आले, आणि टिकले.

ती शिकवायची फार छान. ग्रहांचा फोटो आणि दूरच्या आकाशाचा फोटो यांतला फरक तिने पहिल्याच दिवशी सांगितला तो अजून माझ्या वहीत आहे.

"ग्रह म्हणजे रडणारं पोर. एक क्षण स्थिर राहत नाही, कारण मधली हवा हलते. मग मी काय करते? व्हिडिओ घेते. त्यातून हजारो चित्रं निघतात. त्यातली बरी निवडायची, बाकीची फेकायची आणि निवडलेली संगणकावर एकावर एक रचायची. ग्रह उजळ असतो, शहराच्या दिव्यांतूनही सापडतो. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी. आणि तेजोमेघ, दीर्घिका म्हणजे बेशुद्ध पेशंट. हलत नाहीत, पण प्रकाश इतका कमी की पाच-पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून बसायचं. त्याला अंधारी जागा लागते, आकाशाबरोबर अचूक फिरणारा स्टँड लागतो. आणि दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं फडकं ताणून एक वेगळा फोटो काढावा लागतो. त्यात फक्त आपल्या कॅमेऱ्यावरची धूळ येते. मग ती संगणकाने वजा करायची."

बँकेतल्या कॅशियरने विचारलं, "ग्रहालाही लावायचं का फडकं?"

"ग्रहाला कोण फडकं लावतं हो! त्याला कसली गरज?"

शेवटच्या बाकाच्या टोकाला एक बेकरीवाला बसायचा. भट्टीवरून थेट यायचा, त्यामुळे भुवयांवर पीठ असायचं. त्याने आरसा मिळवून स्वतः दुर्बीण बांधली होती. तिला फिरता स्टँड नव्हता. तो लाकडी पायावर ती हाताने ढकलायचा आणि मोबाइल लावून व्हिडिओ घ्यायचा. बोलायचा कमी, लिहून घ्यायचा सगळं.

एके दिवशी ती धापा टाकत माझ्या दारात आली. आदल्या संध्याकाळी तिने काढलेल्या गुरू ग्रहाच्या फोटोत, पट्ट्यांच्या खाली, एक काळा ठिपका होता. तो कुठल्या चंद्राची सावली नव्हता, ते तिने तपासलं होतं. "सर, काहीतरी येऊन आदळलंय त्याच्यावर!" पुढचे काही दिवस ढग होते, पुन्हा बघायला मिळालं नाही. पण मला कुठला धीर! मी तो फोटो मोठा करून, चौकट करून वाचनालयाच्या भिंतीवर लावला. गावच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. दवाखान्यातले डॉक्टर तिला 'मॅडम' म्हणू लागले. सासूबाईंनी कात्रण फ्रिजवर चिकटवलं.

त्या रविवारी बेकरीवाल्याने हात वर केला. "बाई, त्याच संध्याकाळचा, त्याच वेळेचा माझाही फोटो आहे. त्यात ठिपका नाही."

"तुमची दुर्बीण लहान आहे, त्यात नाही दिसायचा," ती म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच तसं वाटत होतं.

बुधवारी आभाळ उघडलं. तिने गुरूवर दुर्बीण लावली. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आता त्याची वेगळीच बाजू समोर होती. ठिपका होता, अगदी त्याच जागी. मग तिने दुर्बीण शनीकडे वळवली. ठिपका शनीच्या कड्याजवळ जाऊन बसला होता.

धूळ. कॅमेऱ्यावरचा एक कण. तिचा स्टँड इतका चांगला होता की ग्रह चौकटीत तसूभरही सरकला नाही, आणि कण प्रत्येक चित्रात एकाच जागी आला. हाताने ढकललेल्या दुर्बिणीत ग्रह इकडेतिकडे सरकतो, तिथे असा कण रचताना पुसटून गेला असता.

हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बेकरीवाला दोन छापील फोटो घेऊन आला. या वेळी तो उभा राहून बोलला. "बाई, हा त्याच्या आदल्या आठवड्यातला. यात गुरूच्या चंद्राची सावली आली आहे, बघा, किती बारीक. ती माझ्या दुर्बिणीत दिसते. तुमचा ठिपका तर तिच्या दुप्पट आहे. मग तो का नाही दिसत?"

प्रश्न बिनतोड होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती फळ्याकडे पाहत होती.

"तुमचा फोकस चुकला असेल," ती म्हणाली.

"दोन्ही फोटो एकाच फोकसवर—"

कॅशियर मागे वळून म्हणाला, "अहो, पाव करपवता करपवता गुरूही करपवलात की काय!"

सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो, हे लिहून ठेवायला हवं.

"असेल बाई," बेकरीवाला म्हणाला आणि खाली बसला. त्याने फोटो वहीत घातले, वही मिटली. त्यानंतरचे दोन रविवार तो आला नाही.

दुसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती खुर्च्या लावत राहिली. मी किल्ली घेऊन दाराशी उभा होतो. भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून तिने मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चुकले त्याचं काही नाही, सर. रोज चुकते. पण बुधवारी मला कळलं होतं. रविवारी त्या माणसाला मी कळूनही खोटं पाडलं. आणि वर हसले."

ही तीच बाई होती जिने दहा माणसांदेखत माझी माफी मागितली होती. तेव्हा तिच्याकडे जपण्यासारखं काही नव्हतं, एवढाच फरक. तो 'मॅडम' शब्द आणि भिंतीवरची चौकट तिला देण्यात माझाही हात होता.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

बेकरीच्या मागच्या दाराने आम्ही गेलो. तो गरम ट्रे बाहेर काढत होता. ट्रे ज्यावर ठेवत होता तो दुर्बिणीचा लाकडी पाया होता. ते तिनेही पाहिलं.

"तुमचा फोटो बरोबर होता," ती म्हणाली. "माझ्या कॅमेऱ्यावर धूळ होती. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं."

त्याने ट्रे नीट सरळ केला. "मलाही कळलं होतं, बाई."

"कधी?"

"तुम्ही हसलात तेव्हा. तुम्ही कुणाला हसत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही शिकवणार, आम्ही शिकणार." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "माझ्या बायकोला मी तो फोटो दाखवला होता. तिला सांगितलं होतं, आज बाईंना सांगतो. घरी गेल्यावर तिने विचारलं, बाई काय म्हणाल्या. मी म्हटलं, माझंच चुकलं."

तिने मान खाली घातली. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि ते भट्टीमुळे नव्हतं. "परत याल का?" तिने विचारलं.

"बघू," तो म्हणाला. आम्हाला त्याने एक-एक पाव कागदात बांधून दिला. पैसे घेतले नाहीत, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी तिने वर्गात उभं राहून सगळं सांगितलं, बुधवारसकट, हसण्यासकट. कॅशियर बुटांकडे पाहत होता. मी चौकट उतरवायला स्टूल घेतलं तर म्हणाली, "राहू द्या सर." दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्राला चिठ्ठी लिहिली. ती त्यांनी छापली नाही. दवाखान्यात तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी फ्रिजवरचं कात्रण काढलं, पण फेकलं नाही, डब्यांच्या कपाटात आतून चिकटवलं. "तोफेचा बार फुसका निघाला तरी तोफ आमचीच," म्हणाल्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. बेकरीवाला वर्गात परत आला नाही. त्याचा तो साधा, थोडा पुसट फोटो तिने मागून आणला, आणि तो आता तिच्या फोटोशेजारी लावलेला आहे. दर रविवारी वर्ग सुटला की ती बेकरीत जाते, एक पाव घेते आणि पैसे देऊन येते.